लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स दिसले, आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जनरल प्रॅक्टिस नुकतीच सुरू केलीय. ३६ वर्षांच्या एक बाई वार्षिक तपासणीचा लघवीचा रिपोर्ट घेऊन आल्या. पस सेल्स (पांढऱ्या रक्तपेशी) ८ ते १०, एपिथेलियल सेल्स (आवरणाच्या पेशी) १५ ते २०, बॅक्टेरिया ‘प्रेझेंट’, अल्ब्युमिन (एक प्रथिन) ‘ट्रेस’ म्हणजे किंचित, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवीचा दाटपणा) १.०३०, आरबीसी (तांबड्या रक्तपेशी) ४ ते ५. त्रास काहीच नाही. पण ठळक छापलेले आकडे बघून त्या घाबरल्यात आणि औषध मागतायत. अँटिबायोटिक द्यावं का, आणि मुळात असा रिपोर्ट वाचायचा कसा?

अँटिबायोटिक देऊ नका. का, ते पुढे सांगतो. त्या रिपोर्टमध्ये लक्ष द्यावा असा एक आकडा आहे, पण तो पस सेल्सचा नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

पंचवीसहून जास्त वर्षं हे रिपोर्ट रोज हातात घेतोय, त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. पस सेल्सना आपण नको इतके घाबरतो, आणि रक्त नि प्रथिनं यांच्यावरून नजर सहज पुढे सरकू देतो. खरं तर उलटं हवं. मूत्राशयाला इन्फेक्शन झालं की माणूस स्वतःच सांगत येतो, उन्हाळी लागल्यासारखं होतंय, सारखं जावं लागतंय, थेंब थेंब होतेय. किडनी बिघडायला लागते तेव्हा ती काहीच बोलत नाही. तिचा आवाज बराच काळ फक्त या कागदावर उमटतो, तोही ‘अल्ब्युमिन वन प्लस’ एवढ्याच बारीक अक्षरांत.

आधी नमुन्याबद्दल, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. बाटली हातात देऊन ‘लघवी आणा’ म्हटलं की जी येते ती मूत्राशयातली कमी आणि वाटेवरची जास्त असते. मी प्रत्येकाला स्वतः सांगतो: हात धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार बाटलीत धरा, उरलेली पुन्हा सोडून द्या. बायकांना सांगायचं की दोन बोटांनी कडा बाजूला धरून मगच धार सोडा. पुरुषांना, पुढची त्वचा मागे घेऊन. पाळी चालू असेल तर तातडीचं कारण नसताना नमुना घेऊच नये. हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. संकोच वाटतो म्हणून आपण ते टाळतो आणि मग आठवडाभर चुकीच्या आकड्यांच्या मागे फिरतो.

नमुना नीट घेतला होता की नाही, हे रिपोर्टच सांगतो. एपिथेलियल सेल्सची ओळ बघा. बहुतेक रिपोर्टमध्ये याचा अर्थ स्क्वेमस पेशी, म्हणजे बाहेरच्या त्वचेवरून किंवा योनिमार्गातून आलेल्या. त्या ढिगाने दिसत असतील तर सोबतचे पस सेल्स आणि बॅक्टेरियाही तिथूनच आले असण्याची दाट शक्यता. तुमच्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये पस सेल्सपेक्षा एपिथेलियल सेल्स दुप्पट आहेत. अंगावरून पांढरं जात असेल तर तेही विचारा. तो रिपोर्ट मूत्राशयाबद्दल काही सांगण्याच्या लायकीचाच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. नमुना दोन तासांच्या आत तपासला गेला पाहिजे. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवावा, तोही फार तर २४ तास. उघड्यावर पडून राहिलेल्या लघवीत बॅक्टेरिया वाढतात, युरियाचा अमोनिया होऊन पीएच चढतो, आरबीसी आणि कास्ट (किडनीच्या नलिकांत बनणारे साचे) विरघळतात, बॅक्टेरिया साखर खाऊन टाकतात, उजेडाने बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) नाहीसं होतं. म्हणजे जे नव्हतं ते दिसतं आणि जे होतं ते जातं. सकाळी सातला घेतलेला नमुना दुपारी एकला तपासला असेल, तर त्यातल्या ‘बॅक्टेरिया प्रेझेंट’चा मी काहीही अर्थ लावत नाही.

लघवीत बुडवून रंग बघायची पट्टी तुम्ही स्वतः वापरत असाल तर पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण काम झाल्याबरोबर लावत चला. दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्यांवर नायट्राइट (काही जंतू लघवीत बनवतात ते रसायन) खोटं पॉझिटिव्ह येतं. प्रत्येक चौकोनाची वेळ वेगळी असते: साखर साधारण ३० सेकंदांना, प्रथिनं, रक्त आणि नायट्राइट मिनिटाला, ल्युकोसाइट (म्हणजे पस सेल्स) दोन मिनिटांना. पट्टी बुडवायची, काठावर टेकवून जादा लघवी निथळू द्यायची, आडवी धरायची आणि घड्याळाकडे बघायचं. पेशंट बोलत असतो, फोन वाजत असतो, आणि पाच मिनिटांनी बघितलेली पट्टी जवळजवळ काहीही दाखवू शकते. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर रक्त, साखर आणि नायट्राइट लपू शकतं. जळजळ थांबवणाऱ्या फेनाझोपायरिडीनने लघवी नारिंगी होते आणि सगळेच चौकोन रंगून जातात. तेव्हा पट्टीचा नाद सोडायचा.

आता इन्फेक्शनकडे येऊ. तरुण बाईला लघवीला आग होतेय, सारखं जावं लागतंय आणि अंगावरून काही जात नाही, एवढं तिच्या तोंडून कळलं की इन्फेक्शन असण्याची शक्यता दहात नऊच्या घरात जाते. इथे पट्टी निगेटिव्ह आली तरी मी निदान बदलत नाही. नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात चारेक तास मुरावी लागते. दर वीस मिनिटांनी धावणाऱ्या बाईच्या मूत्राशयात ती इतकी थांबते कुठे? शिवाय ई. कोलायसारखे जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात, एन्टेरोकोकस आणि स्टॅफिलोकोकस सॅप्रोफायटिकस ते करत नाहीत. त्यामुळे ताज्या नमुन्यात नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर जंतू आहेत यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवा. निगेटिव्ह आल्यावर ‘काही नाही’ म्हणू नका.

कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी. तिच्या ‘मिलिलिटरमागे एक लाख कॉलनी (जंतूंचे पुंजके)’ या आकड्याबद्दलही असंच. तो १९५० च्या दशकात एडवर्ड कास या अमेरिकन डॉक्टरांच्या कामातून आला. लक्षणं नसलेल्यांमध्ये खरे जंतू कोणते आणि वाटेत मिसळलेले कोणते, हे वेगळं करण्यासाठी तो फार उपयोगी ठरला. पण आग होत असलेल्या बाईच्या नमुन्यात एकाच जातीचे दहा हजार, अगदी हजार जंतू असले तरी ते खरे असू शकतात. उलट तीन-चार जातींची सरमिसळ आली तर आकडा कितीही मोठा असो, नमुना पुन्हा घ्या. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला कल्चर लागत नाही. गर्भारपणात, पुरुषांमध्ये, लहान मुलांत, थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखत असेल तेव्हा, औषधाने बरं न वाटल्यास किंवा पुन्हा पुन्हा होत असल्यास मात्र कल्चर पाठवाच, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी पाठवा.

आणि काहीच त्रास नसताना जंतू सापडले तर? उपचार करण्याची खरी कारणं दोनच: गर्भारपण, आणि मूत्रमार्गात रक्तस्राव होईल अशी शस्त्रक्रिया. गर्भार बाईचे जंतू तसेच सोडले तर त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे किडनीचं इन्फेक्शन होतं, म्हणून सुरुवातीच्या तपासणीत लक्षणं नसली तरी कल्चर करायचं आणि सापडलं तर पूर्ण उपचार करायचे. बाकी मधुमेही, वयस्कर, लघवीची नळी लावलेले, यांना लक्षणं नसताना औषध देऊन फायदा होत नाही. जंतू काही आठवड्यांत परत येतात, येताना औषधाला न जुमानणारे होऊन येतात. महिनाभर नळी असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात. नळीतली लघवी गढूळ आहे, वास येतोय, म्हणून तपासायला पाठवू नका. ताप आला आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर नळी बदला आणि नव्या नळीतून नमुना घ्या.

वयस्कर माणसांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मी नुकसान होताना पाहिलंय. ऐंशी पार केलेल्या एक आजी. दोन दिवसांपासून बरळतायत, रात्री उठून फिरतायत, माणसं ओळखत नाहीत. मुलाच्या हातात लघवीचा रिपोर्ट, पस सेल्स २० ते २५. त्या रिपोर्टच्या बळावर दुसरीकडे अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला होता आणि दुसरा सुरू होता. ताप नाही, जळजळीची तक्रार नाही. मी पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत टणक गोळा लागला. दाबल्यावर आजी कण्हल्या. बोटाने ठोकून पाहिलं, आवाज भरीव. मूत्राशय तुंबलं होतं. आठवडाभरापूर्वी झोप यावी म्हणून कुणीतरी अ‍ॅलर्जीची जुन्या पिढीतली गोळी सुरू केली होती, त्यात चार दिवसांची बद्धकोष्ठता. नळी घातली, नऊशे मिलिलिटरच्या आसपास लघवी निघाली, गोळी बंद केली, एनिमा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी मुलाला नावाने हाक मारली. पस सेल्स तेव्हाही होतेच, आणि नंतरही राहिले.

या वयात लक्षणं नसताना लघवीत जंतू आणि पस सेल्स सापडणं इतकं नेहमीचं आहे की वृद्धाच्या गोंधळलेपणाचं खापर त्यांच्यावर फोडण्याआधी औषधांची यादी, पाणी, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, साखर, सोडियम, छाती हे सगळं बघायलाच हवं. रिपोर्टमध्ये उत्तर सापडलं असं वाटलं की शोध थांबतो, आणि खरा धोका त्यात आहे.

पस सेल्स आहेत पण कल्चरमध्ये काही वाढत नाही, असंही होतं. आधी विचारा, अँटिबायोटिक घेतलं होतं का. बऱ्याचदा घेतलेलं असतं. नसेल तर मुतखडा, क्लॅमिडिया (लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग), वेदनाशामक किंवा ओमेप्राझोलसारख्या औषधांनी किडनीला आलेली सूज, आणि मूत्रमार्गाचा क्षयरोग हे डोक्यात ठेवा. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाहीत, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते. तरुण पुरुषाला आग होतेय आणि लिंगातून स्राव येतोय, तर मधली धार नको, पहिली धार हवी. क्लॅमिडिया आणि गोनोरियाची तपासणी तिच्यावर होते.

कारण न कळणारा ताप असलेल्या तान्ह्या बाळांमध्ये लघवी जरूर बघा. चिकटवलेल्या पिशवीतला नमुना निगेटिव्ह आला तर उपयोगी. पॉझिटिव्ह आला तर त्यावर भरवसा नको, स्वच्छ धार पकडून किंवा नळीने घेतलेला नमुना कल्चरला पाठवा.

आता रक्त. पट्टी आरबीसी ओळखत नाही, हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) ओळखते. म्हणून पट्टीवर ‘थ्री प्लस’ आणि सूक्ष्मदर्शकाखाली आरबीसी एखाददुसरी, असं विसंगत चित्र दिसलं तर ते हिमोग्लोबिन किंवा मायोग्लोबिन (स्नायूंतलं प्रथिन) असू शकतं. अपघातात स्नायू चिरडलेला, झेपेना इतका व्यायाम केलेला, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या नव्याने वाढवलेला माणूस, स्नायू दुखतायत, लघवी गडद तपकिरी: त्याच दिवशी सीपीके (स्नायूंच्या इजेची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची तपासणी) आणि पोटॅशियम करा. अर्थात नमुना पडून राहिल्यानेही आरबीसी फुटलेल्या असू शकतात, म्हणून ताज्या नमुन्यावर खात्री करून घ्या.

खऱ्या आरबीसी हाय पॉवर फील्डला (सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यात) तीन किंवा जास्त असतील तर त्याचं कारण शोधायचं. पाळी, ताजं इन्फेक्शन, कालचा जोराचा व्यायाम ही कारणं बाजूला काढा आणि पुन्हा तपासा. सोबत प्रथिनं आहेत, रक्तदाब चढलाय, आरबीसी वेड्यावाकड्या आकाराच्या आहेत किंवा आरबीसी कास्ट दिसतायत, तर रक्त किडनीच्या गाळणीतून येतंय. लहान मुलाला घसा दुखून गेल्यावर दोनेक आठवड्यांनी डोळ्यांभोवती सूज आणि तपकिरी लघवी, हे त्याचंच ठळक रूप. तो पेशंट थांबवून ठेवू नका.

डोळ्यांना दिसणारं, न दुखणारं रक्त हा वेगळा विषय आहे, आणि तो मला माझ्या चुकीतून कळला. पन्नाशी उलटलेले, बरीच वर्षं विडी ओढणारे एक गृहस्थ. एकदाच लाल लघवी झाली, दुखलं काहीच नाही. रिपोर्टमध्ये आरबीसी भरपूर, पस सेल्स ६ ते ८. मी पस सेल्स पाहिले, अँटिबायोटिक दिलं. लघवी स्वच्छ झाली, दोघांचंही समाधान झालं. लघवी औषधाने स्वच्छ झाली नव्हती, रक्त आपोआप थांबलं होतं. या आजारात ते असंच येतं नि जातं. आठ महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा मूत्राशयात गाठ होती. त्यानंतर माझा नियम ठरला: ४५ च्या पुढच्या माणसाला दिसण्याजोगं रक्त एकदा जरी गेलं आणि इन्फेक्शन कल्चरने सिद्ध झालं नसेल, तर सोनोग्राफी आणि सिस्टोस्कोपीसाठी (दुर्बिणीने मूत्राशय आतून बघण्यासाठी) पाठवायचं. इन्फेक्शन सिद्ध झालं असेल तर उपचारानंतर लघवी पुन्हा तपासायची, रक्त राहिलं तर पाठवायचं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सिस्टोस्कोपी टाळायची नाही, लहान गाठी सोनोग्राफीत सुटतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे म्हणूनही टाळायची नाही. गोळीने रक्त जास्त वाहतं, पण ते कुठून तरी येतंच असतं.

प्रथिनांचा इतिहास जुना आहे. रिचर्ड ब्राइट या इंग्रज डॉक्टरांनी १८२७ मध्ये अंगावर सूज, लघवीत अल्ब्युमिन आणि खराब किडनी यांचं नातं मांडलं. लघवी चमच्यात तापवली की ती दह्यासारखी साकळायची, एवढंच त्यांचं साधन. आपल्याकडे पट्टी आहे, तिच्या मर्यादा तेवढ्या ओळखा. वन प्लस म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, टू प्लस म्हणजे १००, थ्री प्लस म्हणजे ३००. पण हे प्रमाण लघवीच्या दाटपणावर ठरतं. १.०३० स्पेसिफिक ग्रॅव्हिटीच्या दाट लघवीत ‘ट्रेस’ला फारसा अर्थ नाही. १.००५ च्या पाण्यासारख्या लघवीत वन प्लस आलं तर मी सावध होतो. म्हणून या दोन ओळी नेहमी एकत्र वाचा. ताप, मेहनत, इन्फेक्शन यांनीही प्रथिनं तात्पुरती लघवीत उतरतात. सडपातळ किशोरवयीन मुलांत दिवसभर उभं राहिल्यावर उतरतात आणि सकाळच्या पहिल्या लघवीत नसतात, ते निरुपद्रवी.

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना पट्टीवर सोडू नका. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो मागा, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीवर. ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत नॉर्मल, ३० ते ३०० मध्यम वाढ, त्यापुढे मोठी. एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा करून बघायचा. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाल्यापासून दरवर्षी. क्रिएटिनिन नॉर्मल असताना हा रेशो वाढलेला सापडतो, आणि तेव्हाच रक्तदाबाच्या योग्य गोळ्या नि साखरेवर ताबा यांनी किडनीची बरीच वर्षं वाचवता येतात. हे माझ्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

दोन गोष्टी आणखी. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते. मायलोमाची (अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाची) प्रथिनं तिला दिसत नाहीत. पाठदुखी, रक्त कमी, क्रिएटिनिन वाढतंय आणि पट्टी कोरी, असा वयस्कर पेशंट असेल तर हे आठवा. आणि वीस आठवड्यांनंतरच्या गर्भार बाईला वन प्लस दिसलं की पहिलं काम रक्तदाब मोजणं. १४०/९० किंवा त्यापुढे असेल तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवा. रक्तदाब वाढलाय पण प्रथिनं नाहीत, म्हणून निर्धास्तही होऊ नका.

साखरेचं थोडक्यात. ‘मधुमेह’ हा शब्दच लघवीच्या गोडीवरून आला, तरी आज निदान रक्तावरच करायचं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीत उतरते, गर्भारपणात त्याहून कमीलाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत साखर कायम ‘फोर प्लस’ असते, कारण त्या गोळीचं कामच ते. ही औषधं आता हृदय आणि किडनीसाठीही देतात, म्हणून मधुमेह नसलेल्यातही असा रिपोर्ट दिसेल. त्यावरून डोस वाढवू नका. पण अशा माणसाला उलट्या होतायत, गळून गेलाय, तर रक्तातली साखर १८० असली तरी कीटोन (चरबी जळताना बनणारी द्रव्यं) बघा, शक्यतो रक्तातले. पट्टीला कीटोनपैकी बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट दिसतच नाही, आणि कीटोन साचून रक्त आम्ल होणाऱ्या कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये तेच जास्त असतं.

कॅल्शियम ऑक्झलेटचे क्रिस्टल एकटेच असतील तर पुढे चला, थंड झालेल्या लघवीत ते सहज बनतात. षटकोनी सिस्टिन क्रिस्टल मात्र कधीच नॉर्मल नसतात. बिलिरुबिन पॉझिटिव्ह आलं तर यकृताच्या तपासण्या करा, डोळे पिवळे नसले तरी.

तर तुमच्या बाई. त्यांना सांगा: ‘नमुन्यात बाहेरच्या पेशी मिसळल्यात, म्हणून हे आकडे तुमच्या आतलं खरं चित्र दाखवत नाहीत. तुम्हाला इन्फेक्शन आहे असं मला वाटत नाही. औषध नको, नमुना पुन्हा घेऊ.’ पाळी कधी होऊन गेली ते विचारा. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर तेही तपासा, कारण मग कल्चरचा नियम बदलतो. रक्तदाब आजच मोजा. पाळी संपल्यावर आठवड्याने, मधल्या धारेचा, ताजा नमुना. अल्ब्युमिनचा ‘ट्रेस’ १.०३० च्या लघवीत आहे, तो बहुधा जाईल. पस सेल्सही जातील. नजर ठेवायची ती ४ ते ५ आरबीसीवर. नव्या नमुन्यात त्या तीनच्या आत आल्या तर विषय संपला. तशाच राहिल्या तर क्रिएटिनिन, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो आणि सोनोग्राफी करा, सिगारेट आणि घरातल्या किडनीच्या आजारांबद्दल विचारा. आणि लॅबला फोन करून सांगा की आरबीसींचा आकार आणि कास्ट मुद्दाम बघून लिहा. फोन केला की ते काळजीपूर्वक बघतात, हा माझा अनुभव आहे.